टिटवीभोवतीचे गेरूचे दगड

शहराला लागून असलेल्या आमच्या राखीव जंगलाचा पसारा तो केवढा! एक तलाव, थोडी झुडपं आणि मधून जाणारी पायवाट. मी वनखात्यात, म्हणून त्याची काळजी माझ्या गळ्यात. रविवारी अर्धं जबलपूर तिथे गक्कड-भर्ता, म्हणजे जाड बाट्या आणि वांग्याचं भरीत, भाजायला लोटतं आणि गोवऱ्यांची धग विझवता विझवता माझा जीव मेटाकुटीला येतो.

त्या उन्हाळ्यात टिटवीने नेमकी पायवाटेच्या कडेच्या खडीतच अंडी घातली. खड्यांसारखीच दिसणारी, कुणाचाही पाय पडला असता. दोरी बांधली की लोक ती ओलांडून फोटो काढतात. म्हणून मी भोवती दगड मांडले आणि लांबून दिसावेत म्हणून त्यांना गेरू फासला. तरी शनिवारी जेवण जाईना.

"काहून इतकी घाबरून राहिली?" नवरा म्हणाला. "पक्षी आहे, उडून जाईल."

"अंडी उडत नाहीत," मी फणकारले.

रविवारी दुपारी पोचते तर दगडांवर झेंडूच्या माळा, उदबत्त्या, नारळ! नर्मदेच्या स्नानाला ग्वारीघाटाला निघालेली मंडळीही वाट वाकडी करून आली होती. गेरू लावलेला दगड दिसला की आमच्याकडे हात आपोआप जुळतात, हे मला सुचू नये? माझाच मला संताप आला. टिटवी किंचाळत डोक्यावर घिरट्या घालत होती.

"माताजी की चिड़िया है," एक बाई भक्तिभावाने म्हणाल्या.

अंड्यांवर रणरणतं ऊन. टिटवी सावली धरून बसली नाही तर आतला जीव शिजून जाणार, आणि गर्दी हलेना. ओरडावं तर लोक भडकणार, दगड उचलावेत तर त्याहून वाईट.

दुपारी देवळाचे दरवाजे मिटतात ते आठवलं आणि तोंडातून निघून गेलं, "चलो, पीछे हटिए! दोपहर है, माताजी के पट बंद!"

खात्याच्या पाटीला कधीही न जुमानणारे ते लोक निमूट मागे सरले. एका काकांनी तर बाकीच्यांना गप्पही केलं. टिटवी दबकत उतरली आणि अंड्यांवर बसली. मला रडूच आलं.

मघाच्या बाई जवळ आल्या. "दीदी, फिर पट कब खुलेंगे?"

पिल्लं बाहेर येऊन पळेपर्यंतचा अंदाज बांधून मी म्हटलं, "अभी पंद्रह दिन शयन है."

त्यांनी वाकून माझ्या पायांना हात लावला. "अच्छा! तो पंद्रह दिन बाद यहीं भंडारा रखते हैं, दीदी. पूरे घमापुर मोहल्ले को बुला लेंगे."