आधी मूळ, मग मिलशान

आमच्या सेमिनारचे किस्से म्हणजे डब्यात चिकटून बसलेल्या गोळ्या. एक काढायला जावं, तर चार हातात येतात! एकोणीसशे साठच्या सुमाराची गोष्ट. जर्मनीतल्या एका विद्यापीठात आम्ही पाच-सहा जण शब्दांची मुळं उकरत बसायचो. त्यात पुण्याचा मी, आयर्लंडचा शॉन आणि आमचे जर्मन प्रोफेसरसाहेब.

*

शॉनची आई घरी केलेल्या गोळ्या पाठवायची. आयरिशमध्ये गोळीला म्हणतात 'मिलशान'. डबा पाहताच साहेबांनी नियम केला, "आधी मूळ, मग मिलशान!"

'मिल' म्हणजे मध, त्यावरून 'मिलिश' म्हणजे गोड, त्याला 'आन' प्रत्यय. तिथून साहेब फळ्यावर लॅटिन मधाकडे गेले, मग ग्रीक मधाकडे. खडू ठेवून वळले, तोवर डबा रिकामा!

*

दुसऱ्या डब्याला व्याकरण निघालं. शब्द पुल्लिंगी, अनेक झाले की शेवटचा 'न' मृदू होतो.

"एकवचन अभ्यासाला ठेवू," मी म्हटलं, "अनेकवचन खाऊन टाकू."

"गेनाऊ! अगदी बरोबर!" म्हणत साहेब षष्ठीकडे वळले. षष्ठीचं रूपही तेच, हे सिद्ध होईपर्यंत आम्ही दोन्ही वचनं संपवली होती.

*

संक्रांतीला मी तिळगूळ वाटला, 'गोड बोला'चा अर्थही सांगितला. साहेब शब्दाचे पक्के! दिवसभर माझ्या प्रबंधाबद्दल एक वाकडा शब्द नाही. मी हवेत.

दुसऱ्या दिवशी प्रबंध टेबलावर आपटून म्हणाले, "कालचा गूळ संपला ना? मग बसा!"

*

शॉनची आई मात्र प्रत्येक पत्रात एकच विचारायची, "प्रोफेसरांना आवडल्या का?" शॉनला खोटं लिहवेना.

"अरे, एकदा तरी त्यांना खाऊ द्या," तो आम्हाला विनवायचा. आम्ही हो म्हणायचो आणि डबा उघडला की विसरायचो.

*

मग एकदा शॉनला तार आली. आई गेली. तो गावी जाऊन, सगळं आटोपून परत आला. साहेब तेव्हा दौऱ्यावर होते, त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

शॉन परतला त्या सकाळी टेबलावर डबा होता. आईने आजारी पडण्याआधी टपालात टाकलेला. शॉनने तो उघडून मध्ये ठेवला. कोणीही हात लावला नाही.

तेवढ्यात साहेब आले, थेट स्टेशनवरून, उपाशी. उभ्या उभ्या एक गोळी तोंडात टाकली. मूळ नाही, प्रत्यय नाही! डोळे मिटून चघळली आणि दुसरी उचलली.

"वा! फारच छान. शॉन, तुमच्या आईंना जरूर कळवा."

 

"हो," शॉन म्हणाला, "कळवतो."