बोगद्यात उघडे डोळे

आमच्या यांच्या मामेबहिणीपुढे सबंध खालापूर तालुक्यात कुणाचं काही चालत नसे, आणि अशा बाईवर मी पाळत ठेवायला निघाले, तीही तिच्याच खेळात. याहून मोठा मूर्खपणा माझ्या हातून झालेला नाही.

लोधिवलीला दिलेली ही बाई. हळद कुणाचीही असो, आमंत्रण असो नसो, पदर खोचून मांडवात हजर. सुना, जावई, म्हातारेकोतारे सगळ्यांना एकामागे एक असं गोल बसवी आणि मधे ताडीचं मडकं ठेवी. ‘कर्जत’ अशी तिची हाक आली की पुढच्याच्या पाठीला हात लावून ढकलायचं, घाट चढायला गाडीला मागून इंजिन लागतं तसं. ‘ठाकुरवाडी’ म्हटलं की मुठी आवळून ब्रेक, घाट उतरताना गाडी तिथे थांबते तसा. ‘बोगदा’ म्हटलं की डोळे गच्च मिटायचे, ती ‘उजेड’ म्हणेपर्यंत. चुकेल त्याने पेलाभर ताडी प्यायची. बोगद्यात डोळे उघडे फक्त तिचे. चोर तिनेच धरायचा आणि तो कुणाकडे बघत होता तेही ओरडून सांगायचं. एकदा खुद्द व्याह्यांना धरलं, “मामा मटणाच्या टोपाकडं बघतात गं!” व्याही रुसले, पण दुसरा पेला मागून प्यायले.

मला मात्र ती मुळीच खपत नसे. मामाची मुलगी करायची आमच्यात रीत, आणि हिचं यांच्याशी जवळजवळ ठरलेलं होतं, हे सासूबाईंनी माझ्या अंगाची हळद उतरायच्या आत मला ऐकवलं होतं. घरी कढी खारट झाली तरी तोंड न उघडणारे हे, तिच्या ‘कर्जत’वर पोरासारखे खिदळत. माझा इकडे जळून कोळसा.

धाकट्या दिराच्या हळदीत हे माझ्याच मागे बसलेले. दर बोगद्याला मी डोळे उघडून तिच्याकडे बघत होते, आणि ती खरंच माझ्या खांद्यावरून यांच्याकडे बघत होती. मग नजर माझ्यावर आणून म्हणे, “वैनी माज्याकडं बघते गं. पाजा तिला.” किती पेले झाले कोण जाणे. शेवटी मी उठून उभी राहिले आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाले, “माझ्या नवऱ्याकडं बघायचं नाय.” मांडव हसून लोळला. हसली नाही ती एकटी. हळूच ‘उजेड’ म्हणाली आणि माझा पेला स्वतःच पिऊन टाकला.

हे वारल्यावर ती भेटायला आली. ताडी दोघींची केव्हाच सुटलेली, म्हणून चहा घेतला. इतक्या वर्षांनीही माझी जीभ वळवळलीच. विचारलं, “बोगद्यात यांच्याकडं काय बघायचीस गं?”

बशी खाली ठेवत ती म्हणाली, “डोळं तो बी उघडं ठेवायचा, वैनी. तुज्या मानेकडं बघत बसायचा. त्याला मी कधी धरला नाय. कोनाकडं बघतो ते मोठ्यानं सांगाया लागलं आसतं ना.”