रामकलीबाईंचं लिव्हर आणि चाखण्याची सवय

कोहमाऱ्याच्या चौकात छोटेलालचा ढाबा आहे. रायपूरकडे जाणारे ट्रकवाले तिथे आधी विचारतात, ‘माय आहे का?’ आणि मग बसतात. माय म्हणजे रामकलीबाई टेंभरे. वय पन्नाशीच्या आतलं, अंगाने किरकोळ, आवाज मात्र भट्टीच्या पंख्यावरून पलीकडे जाणारा. त्यांच्या हातच्यासारखी लाखोरीची डाळ महामार्गावर मिळत नाही, असं गिऱ्हाइकं म्हणतात. छोटेलाल म्हणत नाही. बाई ऐकतील अशी त्याला भीती आहे.

रामकलीबाईंना दरवर्षी न्यूमोनिया व्हायचा. काही वर्षांपूर्वी नागपूरला त्याचं कारण सापडलं. जंतूंशी लढणाऱ्या अँटिबॉडी त्यांच्या शरीरात पुरेशा तयारच होत नाहीत. तेव्हापासून या अँटिबॉडी दर महिन्याला शिरेतून बाहेरून दिल्या जातात. स्वयंपाक सुटला नाही, फक्त तोंडाला मास्क आला. चव घ्यायची झाली की तो हनुवटीवर उतरतो आणि पुन्हा वर जातो.

यंदा रक्ताच्या तपासणीत लिव्हरचे आकडे वाढलेले निघाले. या आजारात काही जणांचं लिव्हर हळूहळू कडक होत जातं. खात्री करायची तर सुईने त्याचा बारीक तुकडा काढावा लागतो, आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसाला ती सुई टाळता आली तर बरं. म्हणून नागपूरच्या डॉक्टर म्हणाल्या, आधी यंत्राने मोजू. कडक निघालं तर सुई, आणि ढाब्याचं कामही बंद.

सुईचं रामकलीबाईंना काही वाटलं नाही. कामाचं ऐकल्यापासून मात्र त्या घरात कोणाशी धड बोलत नव्हत्या.

यंत्र देवरीला आलं. नागपूरच्या डॉक्टरांनी अशा रुग्णांसाठी एका मंगल कार्यालयात शिबिर ठेवलं होतं. तपासणीआधी तीन तास पोट रिकामं हवं, अशी ताकीद होती. रामकलीबाई नवरा कुंजीलाल यांच्याबरोबर बसने पोहोचल्या.

‘काही खाल्लं नाही ना?’ डॉक्टरांनी विचारलं.

‘नाई जी. काईच नाई.’

त्यांना उताणं निजवलं, उजवा हात डोक्याखाली घ्यायला लावला. बरगड्यांच्या मध्ये थंड जेल लावून यंत्राचं टोक टेकवलं. आतून कोणी टिचकी मारावी तसा हलका धक्का, पुन्हा पुन्हा. धक्क्याची लहर लिव्हरमधून जाते. लिव्हर जितकं कडक, तितकी ती वेगाने जाते. सुई नाही, रक्त नाही, दुखणं नाही.

आकडा नऊच्या वर आला. डॉक्टरांनी तो पुन्हा पाहिला आणि म्हणाल्या, ‘हा जास्त आहे. सुईचा विचार करावा लागेल.’

रामकलीबाई छताकडे पाहत राहिल्या. दाराशी कुंजीलाल उभे होते. ते एरवी फारसे बोलत नाहीत.

‘डॉक्टरीणबाई, हिनं खाल्लं नाई, पण चाखलं.’

‘काय चाखलं?’

‘निघाच्या आधी ढाब्यावर डाळ लावली, आलूची भाजी लावली, कढी लावली. सारं चाखून निघाली. अन् आता इथं मागच्या रांधणीत घुसली होती.’

मागे स्वयंसेवकांचा स्वयंपाक चालू होता.

‘चाखणं का खाणं होते जी?’ रामकलीबाई उठून बसल्या.

‘थुंकून टाकलं होतं का?’ डॉक्टरांनी विचारलं.

‘थुंकून कायले टाकू? अन्न आहे ते.’

‘एकूण किती असेल?’

‘वाटीभर.’

‘एकेक वाटीभर,’ कुंजीलाल म्हणाले.

डॉक्टरांना हसू आवरलं नाही. मग त्यांनी समजावून सांगितलं. खाल्लं की लिव्हरकडे जाणारं रक्त वाढतं, ते तेवढ्यापुरतं ताठ होतं आणि यंत्र वाढीव आकडा दाखवतं. हा आकडा धरायचा नाही. तीन तास बसा, मग पुन्हा मोजू.

कुंजीलाल यांनी बायकोची खुर्ची आवारातल्या कडुनिंबाखाली, रांधणीपासून लांबात लांब नेऊन ठेवली आणि स्वतः वाटेत बसले. वारा नेमका रांधणीकडूनच येत होता.

‘डाळ खाली लागून राहिली,’ रामकलीबाई म्हणाल्या.

‘लागू दे.’

‘लोकं जेवतीन ना ते. जा, आच कमी कराले सांगा.’

कुंजीलाल जाऊन आले. ‘आचारी म्हणते, बाईनं येऊन मीठ पाहावं.’

‘सांगा त्याले, बाईच्या लिव्हरचा पेपर होऊन राहिला.’

पंगत बसली, उठली. रामकलीबाईंनी नुसत्या वासावरून मठ्ठ्यात जिरं जळाल्याचं सांगितलं. कुंजीलाल यांनी ते आचाऱ्याला कळवलं नाही.

दुसऱ्यांदा आकडा सहाच्या आत आला, म्हणजे लिव्हर कडक नव्हतं. डॉक्टरांनी सोनोग्राफीही केली; लिव्हर कडक झालं की वाढणारी प्लीहाही वाढलेली नव्हती. रक्ताचे आकडे का वाढले, ते औषधं बदलून बघायचं ठरलं. सुई आता नको, यंत्राची तपासणी पुढच्या वर्षी पुन्हा.

‘अन् ढाबा?’

‘मास्क लावून करा. आणि पुढच्या वेळी चाखलेलंही सांगा.’

बाहेर येऊन रामकलीबाईंनी आधी छोटेलालला फोन लावला.

‘सुई?’ त्याने विचारलं.

‘नाई लागत.’

‘अन् काम?’

‘चालू.’

 मग फोन बाजूला धरून छोटेलाल आत ओरडला, ‘माय शाम को आ रही है. दाल को कोई हाथ मत लगाना.’