साकवावरचे तांदूळ

माझ्या पहिल्या पुलाला पूल म्हणायला आमच्या ऑफिसात कुणी तयार नव्हतं. कागदावर तो ‘साकव’ होता, म्हणजे ओढ्यावरून माणसांनी आणि गुरांनी जायची चिंचोळी वाट. लांबी सहा मीटर, रुंदी दीड. महाडच्या ऑफिसातले जुने इंजिनिअर हायवेच्या गप्पा मारायचे, आणि मी मध्येच “माझ्या पुलाचं काय झालं...” अशी सुरुवात केली की एकजण तरी चहाच्या कपात हसायचा. मला राग लवकर येतो. हसू त्याहून लवकर येतं हे नशीब, नाहीतर बांधकाम खात्यात माझे दोन महिनेही निघाले नसते.

जागा पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या रस्त्यावरून आत उतरून होती. ओढ्याच्या अलीकडे गाव, पलीकडे वीस-बावीस घरांची वाडी. ओढा रुंद नव्हता, पण चांगलाच खोल होता. दगडांवरून खाली उतरायचं आणि पलीकडे मुळं धरून वर चढायचं. उन्हाळ्यात हे शेळीला जमतं, वऱ्हाडाला जमत नाही. त्यामुळे वाडीतल्या एकाही मुलीचं लग्न कधी तिच्या स्वतःच्या अंगणात लागलं नव्हतं. सगळी लग्नं अलीकडच्या शाळेच्या पटांगणात, भिंतीवरच्या सुविचाराच्या फळ्याकडे पाठ करून.

मी मोजणीला गेले तेव्हा टेपचं दुसरं टोक वाडीतल्या एका शेतकऱ्याने धरलं होतं. काटकुळा, हसरा माणूस. त्याने विचारलं, “मॅडम, मे म्हयन्यापातूर व्हईल?” मी म्हटलं, “होईल की.” इंजिनिअरने असं कधी बोलायचं नसतं, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. त्याच आठवड्यात त्याने मुलीचं लग्न ठरवलं, आणि पत्रिकेवर विवाहस्थळ म्हणून आपलं अंगण छापलं.

ती मुलगी मुंबईत कपड्यांच्या दुकानात नोकरीला होती. सुट्टीवर आली तेव्हा साइटवर येऊन माझ्यासमोर हात बांधून उभी राहिली. “मॅडम, फ्रँकली सांगते. माझ्या सगळ्या फ्रेंड्सची लग्नं हॉलमध्ये झाली. मला हॉल नको. मला आमच्याच अंगणात पायजे. ते नाय झालं तर मी सरळ कोर्टात जाऊन सही करीन, पन त्या शाळेत नाय उभी राहनार.” मी तिला छातीठोकपणे सांगितलं, काळजी करू नकोस. मग घरी जाऊन रात्रभर काळजी मीच केली.

काम रखडत रखडत झालं. काँक्रीट मिक्सर दोनदा बंद पडला, सळया उशिरा आल्या, कॉन्ट्रॅक्टरशी मी इतकी भांडले की तो मला बघितलं की हेल्मेट घालायचा. अखेर स्लॅब टाकून झाला. काँक्रीटला पूर्ण ताकद यायला अठ्ठावीस दिवस लागतात. मी बोटांवर मोजलं, कॅलेंडरवर मोजलं, मोबाइलवरही मोजलं. अठ्ठाविसावा दिवस लग्नाच्या बरोबर दोन दिवस आधी येत होता. मी ऑफिसात सगळ्यांना पेढे वाटले, आणि हे पेढे कशाबद्दल ते कुणालाच कळलं नाही.

नव्या स्लॅबला पाणी घालत राहावं लागतं, नाहीतर तो तडकतो. कॉन्ट्रॅक्टरचा माणूस दुसऱ्याच दिवशी गायब झाला. मी वाडीत जाऊन नवरीच्या आईला सांगितलं, आणि एकवीस दिवस वाडीतल्या बायकांनी हंडे भरभरून पाणी घातलं. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. वर ओली गोणपाटं अंथरलेली. एकदा मी गेले तर त्या पाणी ओतता ओतता हळदीची गाणी म्हणत होत्या. “काय गो बायांनो, हे काय?” मी विचारलं. नवरीची आई म्हणाली, “हिची पन हळदच चाललीय. न्हाऊ घालतोय. आदी ही नवरी उभी ऱ्हायली पायजे, मंग आमची.” ही बाई एरवी चार शब्दांच्या वर बोलायची नाही.

आता क्यूबचं सांगायला हवं. स्लॅब टाकताना त्याच काँक्रीटचे सहा चौकोनी ठोकळे साच्यात भरून ठेवायचे असतात. तीन ठोकळे सात दिवसांनी आणि उरलेले तीन अठ्ठावीस दिवसांनी लॅबमध्ये मशीनखाली फोडतात. किती भाराला फुटले त्यावरून स्लॅबची ताकद ठरते. तोपर्यंत ते पाण्यात बुडवून ठेवायचे. पहिले तीन उत्तम निघाले होते. उरलेले तीन मी ओढ्याच्या डोहात ठेवले होते. त्यांच्यावर मी स्वतः रंगाने नंबर आणि तारीख घातली होती.

अठ्ठाविसाव्या दिवशी सकाळी मी पिशवी घेऊन डोहाशी उतरले. डोहात ठोकळे नव्हते. गुडघाभर पाण्यात शिरून मी तळ चाचपला. दोन खेकडे मिळाले. मग वाडीत गेले. अंगणात मांडव घातलेला, आंब्याची तोरणं लागलेली, आणि मांडवामागे पोलादपूरहून आलेला आचारी भल्यामोठ्या कढईत बुंदी पाडत होता. कढईखाली चूल, आणि चुलीला तीन दगड. एकसारखे, चौकोनी, काळे पडलेले. एकावर माझ्याच अक्षरातली अर्धी तारीख अजून दिसत होती.

नवरीचा बाप कौतुकाने म्हणाला, “मॅडम, डोहात गावलं. असं येकसारखं दगड आख्ख्या ओढ्यात नाय. कढई जरा पन डगमगत नाय बगा.” आचाऱ्याने दुजोरा दिला. एवढ्या वर्षांत अशी चूल मिळाली नाही म्हणाला. मला त्या दोघांवर इतका राग आला की मी तोंड उघडलं आणि त्यातून फक्त हसू बाहेर पडलं. ते थांबेना. मी मांडवाच्या खांबाला धरून हसत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. बापालाही हसू आलं, पण मी काय झालंय ते समजावून सांगितल्यावर त्याचा चेहरा पडला. भाजलेला ठोकळा चाचणीला चालत नाही. चाचणी नाही तर दाखला नाही. दाखला नाही तर परवा दोनशे माणसांचं वऱ्हाड आणि नाचणारी पोरं मी त्या स्लॅबवर चढू देणार नव्हते. आत दारात नवरी उभी होती. तिने सगळं ऐकलं. ती वळून आत निघून गेली, हेच मला फार लागलं.

फोनला रेंज एकाच खडकावर होती. तिथे चढून मी उपअभियंता साहेबांना फोन लावला. साहेब निवृत्तीला आलेले, गुडघेदुखीने बेजार आणि शब्दांचे कंजूष. सगळं ऐकून ते म्हणाले, “चुलीत?” मी म्हटलं, “हो सर.” फोनमधून नुसती खरखर येऊ लागली. मला वाटलं रेंज गेली. मग कळलं की साहेब हसतायत. “भार चाचणी घेऊ,” ते म्हणाले. “गोण्या भरायला लाव. मी गेज घेऊन येतो.”

भार चाचणी म्हणजे पुलावर पूर्ण वजन चढवायचं, चोवीस तास तसंच ठेवायचं, आणि स्लॅब किती वाकला ते खालून मोजायचं. वजन काढल्यावर जेवढा वाकला त्याच्या पाऊण हिश्श्याहून जास्त परत वर आला तर तो पास. आमच्या साकवाला साडेचार टन लागणार होते. वाडीने घरातल्या झाडून साऱ्या गोण्या आणल्या, गोणपाटं शिवून त्यांच्याही गोण्या केल्या. बायांनी ओढ्यातली वाळू भरली, पुरुषांनी रेशन दुकानाचा काटा खांद्यावरून आणून झाडाला टांगला. मी प्रत्येक गोणीचं वजन वहीत लिहीत होते. साहेब जीपमधून उतरून, काठी टेकत, दर दहा पावलांवर गुडघ्यांना शिव्या घालत आले. त्यांनी स्लॅबखाली बांबूच्या परांचीवर गेज बसवलं. घड्याळासारखं दिसणारं यंत्र, केसाएवढी हालचालही दाखवणारं.

ऊन उतरलं तेव्हा चारशे किलो कमी पडत होते आणि गोण्या संपल्या होत्या. पोरांनी दगड आणायची तयारी केली, पण साहेबांनी मान हलवली. सुटे दगड नकोत, मोजलेल्या गोण्याच हव्यात. तेवढ्यात नवरीचा बाप घरात गेला आणि तांदळाची गोणी पाठीवर घेऊन आला. “वजन छापलंय हिच्यावर,” तो म्हणाला. त्याच्यामागून भाऊबंद आले. तांदूळ, कांदे, बटाटे, डाळ, साखर. लग्नाचा सगळा शिधा साकवावर चढला. शेवटी तेलाचे डबे ठेवले तेव्हा वजन पुरं झालं. आचारी डोक्याला हात लावून बसला. “उद्या हळदीचं जेवन हाय, मी शिजवू काय?” साहेब म्हणाले, “चोवीस तास यातलं काही हलवायचं नाही.”

दुसऱ्या दिवशी दुपारी नवरीकडची मुंबईची मंडळी आली. ओढ्यातून धापा टाकत वर चढली आणि पुलावर रचलेले तांदूळ-कांदे बघून त्यांनी आधी त्यांचे फोटो काढले. मग पानावर बसली. वाडीतल्या घराघरांतून नाचणीच्या भाकऱ्या आल्या होत्या आणि वालाचं बिरडं होतं, तेही कांद्याशिवाय. नवरीचे एक काका पान बघून म्हणाले, “हळदीला भात नाय?” नवरीचा बाप वाढता वाढता म्हणाला, “भात ड्युटीवर हाय.” मला ठसका लागला. साहेबांनी चार भाकऱ्या खाल्ल्या आणि पाचवी मागितली.

नवरी हळद लागलेली, तिला घराबाहेर पडायची बंदी. ती दर अर्ध्या तासाने खिडकीतून ओरडून विचारायची, “मॅडम, किती?” आणि मी ओढ्यातून आकडा ओरडून सांगायचे. तिला आकड्याचा अर्थ कळत नव्हता, पण पाठ झाला होता.

संध्याकाळी गोण्या उतरवल्या. मी गेजसमोर उकिडवी बसले. काटा परत फिरला, फिरला, आणि थांबला. मी हिशेब केला. सत्तर टक्के. पंचाहत्तर हवे होते. पुन्हा हिशेब केला, तेवढेच आले. वर सगळी वाडी काठाने उभी राहून माझं तोंड बघत होती. साहेब म्हणाले, “नियमात पूर्ण वर यायला आणखी चोवीस तास आहेत. काँक्रीटला श्वास घेऊ दे. सकाळी बघू.” आचाऱ्याने मात्र काही बघितलं नाही, तांदूळ उचलून तो पळाला.

मी त्याच घरात ओसरीवर आडवी झाले, पण झोप कसली. उजाडताच खाली उतरले. साहेब माझ्याआधी तिथे पोचले होते, ओल्या दगडावर काठी ठेवून, चष्मा कपाळावर. त्यांनी आकडा न सांगता मला वाकायची खूण केली. मी वाकले. पंच्याऐंशी टक्क्यांच्या वर. मी तिथे काय केलं ते मला नीट आठवत नाही. साहेब सांगतात की मी त्यांना मिठी मारली आणि त्यांची काठी पाण्यात पडली.

वऱ्हाड दहा वाजता आलं. साहेब साकवाच्या तोंडाशी वाहतूक पोलिसासारखे उभे राहिले. पन्नास-पन्नासच्या तुकड्या आणि साकवावर नाचायचं नाही, अशी तंबी त्यांनी दिली. खालूबाजावाले सनई काखेत मारून मुकाट्याने पार झाले, आणि पलीकडे पाय टेकताच असे सुटले की साहेबांचा स्वतःचाच गुडघा ताल धरू लागला. मुहूर्तावर अंगणात अक्षता पडल्या. नवरीने अंतरपाटाआडून माझ्याकडे बघून अंगठा वर केला.

उतरत्या दुपारी पाठवणी झाली. साकवापर्यंत सगळ्या बाया रडत आल्या. आत्या रडली, काकू रडली, बाप तर उपरणं तोंडात कोंबून रडला. नवरीची आई मात्र कोरडी होती. मुलगी पलीकडे पोचून दिसेनाशी झाली तरी ती कठड्याला धरून उभी. मग तिने मला विचारलं, “बाय, ह्यो पावसात पन चालंल ना? ओढा भरल्यावर?”

“चालेल,” मी म्हटलं. “कितीही भरू दे.”

ती म्हणाली, “माझं म्हायेर हितं पलीकडच्या गावातच. माझी आय गेली तवा श्रावन होता. ओढा धा दिवस उतरला नाय. तिचा धूर मी हितनं बगितला.” तिने कठड्यावरून हात फिरवला. “माझी पोर येल. मला कायबी झालं तरी येल. मंग मी आज कशाला रडू?”

ती पदर खोचून भांडी आवरायला गेली. मी तिथेच राहिले. लग्नाचा व्हिडिओ त्यांनी नंतर मला पाठवला. त्यात पाठवणी चार मिनिटांची आहे, आणि कॅमेरा फिरवणाऱ्याला मी कोण ते माहीत नव्हतं, त्यामुळे शेवटची पूर्ण दोन मिनिटं साकवावर एकटी हमसून हमसून रडणारी मीच आहे.