खंडेनवमीची बंदूक

चौलपासून आत, डोंगराच्या पायथ्याला आमचं गाव. भात निसवून लोंब्या आल्या की रानडुकरं उतरत, म्हणून बऱ्याच घरांतून बंदुका असत. आमची ठासणीची बंदूक मात्र बिनपरवान्याची, आणि मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, खोटं बोलायचं वावडं. त्यात गावोगावच्या बंदुकांवर माहितीपट काढणारी मंडळी मुंबईहून आली ती नेमकी खंडेनवमीला.

त्या दिवशी कोयता, नांगर, बंदूक सगळ्यांची पूजा. मी हात जोडून म्हटलं, यंदा ती पेंढ्यात राहू द्या. पण पूजा चुकलेली बंदूक धन्यावरच उलटते, अशी आमच्याकडे पक्की समजूत. मामंजींनी ती पाटावर मधोमध ठेवली. मी झेंडूची फुलं ओतून झाकायला गेले, तर कॅमेरावाला म्हणाला, वहिनी, जरा बाजूला व्हा.

प्रश्न विचारणारे साहेब भलतेच शांत. मला वाटलं होतं उलटतपासणी घेतील. त्यांनी एवढंच विचारलं की बंदूक कधी घेतली, आणि गप्प बसले. उत्तर मिळालं तरी गप्पच. समोर पाहुणा गप्प बसला की आमच्या माणसांना चैन पडत नाही, तो अवघडू नये म्हणून तरी बोलत राहतात. मामंजी बोलत सुटले. परवाना नाही हे सांगितलं, बंदुकीची दारू सूनबाई लोणच्याच्या बरणीत ठेवते हेही सांगितलं. साहेब अजून गप्पच. मग मामंजी खाली बघत म्हणाले, "धाकला भाऊ राखनीला गेला व्हता. डुकरानं त्याला फाडला तवा माज्याकडं नुसती काठी व्हती."

लग्न होऊन आल्यापासून हे मी कधी ऐकलं नव्हतं.

पुढे कितीतरी महिने दाराशी खाकी कपडे दिसले, मग तो पोस्टमन का असेना, की मी लोणच्याची बरणी उचलून मागच्या दारी धावायचे. नवरा मुंबईला गिरणीत. मामंजींना धरून नेलं तर मी कुणाच्या तोंडाकडे बघायचं?

अखेर रेवदंड्याच्या बाजारात तो माहितीपट दाखवायला सरकारी गाडी पडदा घेऊन आली. पुढच्याच बाकावर फौजदार. पडद्यावर मामंजी आले, त्यांचे ओठ हलू लागले, आणि वरून भलताच कुणीतरी घोगऱ्या आवाजात सांगू लागला की कोकणचा कष्टाळू शेतकरी पिकाचं रक्षण असं करतो. मामंजींचा एक शब्दही आला नाही. फौजदारांनी टाळ्या वाजवल्या. माझा जीव भांड्यात पडला.

परतताना मला हसू आवरेना. मामंजी रुसून पुढे चालले होते.

"येवढा बोललो, कुनी आयकलाच न्हाय," ते म्हणाले.

माझं हसू विरलं. "मी आयकलंय, मामंजी," मी म्हटलं. "तुमचे धाकले भाऊ दिसायला कसे व्हते?"

ते थांबले. "तुज्या नवऱ्यावानी. म्हनून तर त्याला राखनीला धाडला न्हाय, मुंबयला धाडला."