ओझरच्या काकांची दुसरी डिस्क

‘एक’ या आकड्यावर ओझरच्या काकांइतका अविश्वास असलेला माणूस मी उभ्या नाशिक जिल्ह्यात पाहिला नाही. त्यांची सगळी नोकरी विमानांच्या कारखान्यात झाली. विमानात प्रत्येक महत्त्वाची गोष्ट दोन-दोन बसवतात, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं की निवृत्तीनंतरही ते दोन मनगटांवर दोन घड्याळं बांधत. दोन्हींत मिनिटाचा फरक पडला की मला वेळ विचारत, आणि मी तिसरीच सांगितली की दिवसभर बेचैन राहत. माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात त्यांनी एकाच मापाचे दोन कुकर दिले. “एकाची शिट्टी बिघडली तर पोरीनं काय करायचं?” असं त्यांनी तिच्या सासऱ्यांना अगदी गंभीरपणे विचारलं होतं.

गंगापूर रोडजवळ आमचं एक छोटं ग्रंथालय होतं. अंध विद्यार्थ्यांसाठी आम्ही पुस्तकं वाचून कॅसेटवर ध्वनिमुद्रित करत असू. मी तिथला व्यवस्थापक. दोन हजार साल उलटलं आणि कॅसेटींना बुरशी धरू लागली, तेव्हा काकांनी महिनोन्‌महिने खपून सगळं संगणकावर चढवलं. त्यात अर्थातच दोन हार्ड डिस्क बसवल्या. एकीवर जे उतरेल ते त्याच क्षणी दुसरीवरही उतरायचं. त्या कॅसेटींत निम्मा आवाज सिन्नरच्या एका निवृत्त शिक्षिकेचा होता. कायद्यापासून कवितांपर्यंत बाईंनी सगळं वाचलं, मग घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा गेला. तरी त्या दर गुरुवारी एसटीनं येत आणि वहीत लिहून बोलत. गुरुवारी काका इस्त्रीचा शर्ट घालून येत. त्याबद्दल मी कधी काही विचारलं नाही.

एका सोमवारी काकांनी संगणक तपासला आणि मला हाक मारली. एक डिस्क मेली होती. पुस्तकं नेहमीसारखी ऐकू येत होती, म्हणून मी म्हटलं, “काका, चालतंय ना सगळं?”

“चालतंय म्हणूनच कुणाला कळत नाही,” ते म्हणाले. “आता बाई एकाच ठिकाणी आहेत.”

नवी डिस्क आणली, तिची साठवण जुनीपेक्षा केसभर कमी निघाली. संगणक तिला घेईना. दुसरी मुंबईहून यायला गुरुवार उजाडला. तोवर त्यांनी मला त्या खोलीत खुर्चीसुद्धा सरकवू दिली नाही. डिस्क बदलायची तर यंत्र बंद करणं भाग होतं, आणि दमलेली जुनी डिस्क पुन्हा फिरेल की नाही, याची खात्री नव्हती. मेलेली कोणती, हे त्यांनी नंबर वाचून पाहिलं, मग मला वाचायला लावलं. कोऱ्या डिस्कवरचं कोरेपण चांगल्या डिस्कवर उतरलं असतं तर सगळंच पुसलं गेलं असतं. बाई दारात उभ्या होत्या. काकांनी बटण दाबलं. जुनी डिस्क कुरकुरली, थांबली, आणि मग फिरू लागली.

नक्कल पुरी व्हायला चार तास लागले. काका पडद्यावरचे टक्के बघत बसले, जेवले नाहीत. शंभर झाल्यावर त्यांनी बाईंच्या कानाला हेडफोन लावला आणि एक कविता सुरू केली. ऐकता ऐकता बाईंनी हेडफोन काढला, काकांच्या कानांवर ठेवला आणि वहीत लिहिलं, ‘बरा होता ना हो आवाज?’

“आहे,” काका म्हणाले. “होता नाही.”

पुढे दोन वर्षांनी काका गेले. दवाखाना, चार दिवस, एवढंच. त्यानंतरच्या गुरुवारी बाई येऊन बसल्या. मग वही माझ्यापुढे सरकवली: ‘त्यांचा आवाज आहे का कुठे?’

मी दुपारभर शोधलं. काकांनी शेकडो पुस्तकं जपली होती, पण स्वतः एक पानही वाचलं नव्हतं. नाही म्हणून सांगताना मला मान वर करवेना. बाईंनी पुन्हा लिहिलं, ‘तुम्हाला आठवतं ना कसे बोलायचे? बोलून दाखवा.’

मी काकांसारखं बोलू लागलो. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. दोन वाक्यांनंतर मला जमेना, पण त्यांनी डोळे उघडले नाहीत, म्हणून मी तसाच बोलत राहिलो.