बाबा उठले

बंद पडलेली वस्तू टाकायला निघालात तर खटपटेकाकांच्या दारावरून जाऊ नका, असं इमारतीत गमतीने म्हणायचे. जुने कॉम्प्युटर, मेलेले राउटर, कुणाचा फुटका टॅब, सगळं काकांच्या टेबलावर. आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या, निवृत्तीनंतर हा उद्योग! बायको होती तोवर पसाऱ्यावरून ओरडायला तरी कुणी होतं. ती गेली आणि तारा थेट स्वयंपाकघरापर्यंत पोचल्या.

मुलगा दूरच्या शहरात. आई गेल्यापासून रोज सकाळी ऑफिसला पळता पळता फोन करायचा, "बाबा, उठलात? बरे आहात ना?" काकांना पोराची कणव यायची. म्हणून त्यांनी शक्कल लढवली. पत्त्यांच्या कॅटएवढा एक छोटा कॉम्प्युटर, त्याला जोडलेला प्लग आणि प्लगवर चहाची किटली. किटली चालू झाली की मुलाच्या मोबाइलवर आपोआप मेसेज, 'बाबा उठले.' मुलगा जाम खूश. आणि फोन झाले बंद! होणारच की हो. बातमी घरपोच मिळतेय म्हटल्यावर विचारायला कोण येतंय? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

काकांनी आपणहून फोन करावा, तर "बाबा, नंतर करू?" हे ठरलेलं. शेवटी एका सकाळी काका उठले आणि त्यांनी किटलीला हातच लावला नाही. मेसेज गेला नाही की पोराच्या काळजाचं पाणी होईल, धावत फोन करेल, असा त्यांचा होरा. मोबाइल पुढ्यात घेऊन बसले. चहावाचून डोकं ठणकायला लागलं. गॅसवर करून प्यायले असते तर कुणाला कळणार होतं? पण ते त्यांना लबाडीचं वाटलं. दुपार अशीच गेली.

संध्याकाळी फोन वाजला.

"बाबा, तुमचं ते मशीन हँग झालंय वाटतं. सकाळचा मेसेज नाही आला. रीस्टार्ट करता का?"

मशीन! बापालाच काही झालं असेल, हे पोराच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

"हो रे, हँगच झालंय," ते म्हणाले. समोर मशीन व्यवस्थित चालू होतं. "थांब, ठेवू नकोस. सुरू व्हायला वेळ लागतो त्याला. तोवर बोल काहीतरी. छोटी काय म्हणते?"

मुलगा बोलायला लागला. छोटीचा दात पडला, नवा साहेब खडूस आहे, हल्ली पाठ दुखते. मध्येच हसला, अगदी आईसारखा. काका फोन कानाला गच्च धरून ऐकत होते. किती दिवसांनी घरात माणसाचा आवाज होता!

"झालं का हो, बाबा?"

"होतंय, होतंय. जुनं आहे रे ते."

"मला निघायचंय पण."

आता काय करणार? काकांनी किटलीचं बटण दाबलं.

"हां, आला मेसेज!" मुलगा म्हणाला. "चला, ठेवतो."

किटलीतलं पाणी अजून कोमटही झालं नव्हतं.